श्रीवर्धनच्या खाऱ्या वाऱ्यात अ‍ॅल्युमिनियमचे कुंपण टिकेल का?

पोफळीची_वाडी :

नमस्कार. श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून साधारण तीनशे मीटरवर, आमचे कौलारू घर आणि त्याभोवती नारळी-पोफळीची वाडी आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा समुद्राच्या बाजूची चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत तीन ठिकाणी कोसळली. वाऱ्याने नव्हे, तिच्यावर माड आडवे झाले म्हणून. त्यानंतर तात्पुरती सोय म्हणून आम्ही लोखंडी अँगल रोवून तारेची जाळी ओढली. ती तात्पुरती सोय आजतागायत उभी आहे, मात्र अँगल जमिनीलगत इतके गंजले आहेत की खराट्याचा दांडा लागला तरी पापुद्रे गळून पडतात.

आता समुद्राकडची नव्वद फूट बाजू अ‍ॅल्युमिनियमने बंद करावी असे मनात आहे. तालुक्याच्या गावच्या एका फॅब्रिकेटरने पाच फूट उंचीचे, ५० मिमी चौरस आणि दीड मिमी जाडीचे खांब आठ-आठ फुटांवर ठेवून, मध्ये आडव्या तिरप्या पट्ट्यांचे, म्हणजे बाहेरून आतले काही दिसणार नाही असे, पावडर कोटिंग केलेले (भुकटीचा रंग भट्टीत भाजून चढवलेले) कुंपण सुचवले आहे. खांब थेट सिमेंटमध्ये गाडायचे आणि पट्ट्या साध्या स्क्रूने बसवायच्या, असे त्यांचे म्हणणे आहे. आईला आडोसा हवा असल्यामुळे तिला हा नमुना पसंत आहे. आम्ही पुण्यात राहतो आणि वर्षातून चार-पाच वेळाच गावी जातो, त्यामुळे रोजची देखभाल शक्य नाही. अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही एवढ्या एका गोष्टीवर विसंबून पैसे घालावेत का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

चौकट_बिजागरी :

मी रत्नागिरी जिल्ह्यात खिडक्या, दारे आणि रेलिंगची कामे गेली बावीस वर्षे करतो, त्यामुळे सांगतो ते बहुतेक स्वतःच्या आणि काही इतरांच्या चुकांमधून आलेले आहे.

अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखे गंजत नाही हे खरे. हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर धरतो आणि तोच आतल्या धातूला राखतो. परंतु समुद्राच्या मिठातील क्लोराइड हा थर जागोजागी भेदते. तेथे सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि पांढरी भुकटी दिसू लागते. नुसत्या खड्ड्यांनी कुंपण पडत नाही. माझ्या पाहण्यात ही कुंपणे दोनच ठिकाणी हरतात, एक स्क्रूपाशी आणि दुसरे जमिनीपाशी.

स्क्रूचे आधी सांगतो. साधा जस्त चढवलेला लोखंडी स्क्रू दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत तांबडा होतो, त्याचा गंज पट्टीवरून ओघळतो आणि मग गिऱ्हाईक अ‍ॅल्युमिनियमलाच नावे ठेवते. स्टेनलेस स्टीलचे ३१६ प्रतीचे स्क्रू व नटबोल्ट घ्यावेत. ३०४ प्रत थोडी स्वस्त पडते, पण किनाऱ्यावर तिच्यावर चहासारखे डाग येतात. स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना टेकले, तर त्या जोडीत अ‍ॅल्युमिनियम झिजते. स्क्रू लहान आणि खांब मोठा असल्याने ही झीज सावकाश होते, तरीही प्रत्येक बोल्टखाली नायलॉनचा वॉशर घालावा. तांब्याची तार किंवा पितळी कडी या कुंपणाला कधीही बांधू नये.

दुसरे म्हणजे जमीन. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते आणि ते अ‍ॅल्युमिनियमला अक्षरशः खाते. शंका असेल तर एक उघडा तुकडा ताज्या सिमेंटच्या पाण्यात टाकून पाहावा, काही वेळात त्याच्यावर बारीक बुडबुडे उठताना दिसतील. तो हायड्रोजन असतो. म्हणून खांबाचा जेवढा भाग काँक्रीटमध्ये जाणार, त्याला आणि वर आणखी दोन इंचांना डांबरी रंगाचे दोन हात देऊन तो पूर्ण वाळवावा व मगच खांब उभा करावा. काँक्रीटचा माथा सपाट न ठेवता खांबापासून बाहेर उतरता करावा. खांब पोकळ असतो, त्याच्या तळाशी पाणी साचते. काँक्रीटच्या जरा वर ८ मिमीचे एक भोक ठेवावे आणि डोक्यावर टोपण घट्ट बसवावे. टोपण नसलेल्या खांबात गांधीलमाश्या घर करतात, हा आणखी एक अनुभव.

पावडर कोटिंग ६० ते ८० मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचे असावे. त्याहून महत्त्वाची त्याच्याआधीची रासायनिक धुलाई आहे आणि नेमकी तीच पैसे वाचवण्यासाठी टाळली जाते. ती टाळली की कापलेल्या कडेपासून रंगाखाली गांडुळासारख्या नागमोडी रेषा पसरत जातात. म्हणून कापणे, भोके पाडणे हे सारे कोटिंगच्या आधी उरकून घ्यावे. आपल्याकडे माणूस जागेवर येतो, ग्राइंडर काढतो आणि कोटिंग केलेला माल अंगणात कापतो. त्याच ग्राइंडरने शेजारी लोखंड कापले तर त्या ठिणग्या रंगात रुतून आठवड्याभरात तांबडे ठिपके उठतात. मला विचाराल तर २५ मायक्रॉन अ‍ॅनोडायझिंग अधिक भरवशाचे आहे, कारण विजेच्या प्रक्रियेने होणारा तो ऑक्साइडचा थर धातूतूनच तयार होतो आणि सोलला जात नाही. रंगांची निवड मात्र मर्यादित राहते.

ताण_आणि_तोल :

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. मी बांधकाम अभियंता असल्याने वाऱ्याचा हिशेब मांडतो, कारण मूळ प्रश्नातील खरी अडचण मला तिथे दिसते.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागातील सूत्रानुसार, मीटर प्रति सेकंदातील वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणले की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. निसर्ग वादळाचा वेग किनाऱ्याला लागताना ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. १२० धरले तर ३३.३ मीटर प्रति सेकंद, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ६८ किलो दाब झाला. झोत याहून जोरदार असतात, ते सध्या बाजूला ठेवू.

आपला एक गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, आठ फूट रुंद आणि पाच फूट उंच, म्हणजे ३.७ चौरस मीटरचा आहे. तिरप्या पट्ट्या एकमेकींवर चढलेल्या असल्याने वाऱ्याच्या दृष्टीने ती जवळजवळ सलग भिंतच होय. सलग भिंतीच्या आकारामुळे जोर आणखी वाढतो, तो गुणक धरून त्या गाळ्यावर तीनशे किलोंच्या आसपास जोर येतो. हा जोर निम्म्या उंचीवर लागतो असे मानले, तर प्रत्येक मधल्या खांबाच्या बुडाशी सुमारे २२५ किलो-मीटरचा वाक (एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला २२५ किलो टांगल्याइतका ताण) येतो. ५० मिमी चौरस, दीड मिमी जाडीचा ६०६३ टी६ प्रतीच्या मिश्रधातूचा खांब साधारण ८० किलो-मीटरलाच कायमचा वाकू लागतो. याचा अर्थ फॅब्रिकेटरने सुचवलेले कुंपण निसर्गसारख्या वाऱ्यात तर नाहीच, त्याच्या पाऊणपट वेगाच्या वाऱ्यातही सरळ राहणार नाही.

पट्ट्या उभ्या, सुट्या ठेवून फक्त एक तृतीयांश भाग भरीव केला तर हाच वाक शंभरच्या आसपास येतो. तिप्पट कमी होत नाही, कारण प्रत्येक सुटी पट्टी वाऱ्याला स्वतंत्रपणे अडवते. ही गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. ६५ मिमी चौरस, ३ मिमी जाडीचा खांब अडीचशेपर्यंत तग धरतो. सुट्या पट्ट्यांच्या कुंपणाला तो झोतांसकट पुरेल, तर आडोशाच्या कुंपणाला गाळा सहा फुटांवर आणला तरच पुरेल.

दोन गोष्टी जोडतो. खांबाला तळपट्टी वेल्ड करून घेऊ नये, कारण ६०६३ टी६ चे बळ वेल्डच्या आसपास निम्म्यावर येते आणि सर्वाधिक वाक नेमका तेथेच असतो. पाया मुरमाड किंवा जांभ्याच्या जमिनीत अडीच फूट पुरेल. आपल्याकडे पुळणीची (समुद्राकाठच्या वाळूची) जमीन असेल तर तीन फूट घ्यावा आणि खड्डा तळाशी रुंद करावा, कारण वादळापूर्वीच्या पावसाने पूर्ण भिजलेली वाळू खांबाला धरत नाही. काँक्रीटमध्ये किनाऱ्यावरची वाळू वापरू देऊ नये.

टँपाचा_पाऊस :

मी मूळची अलिबागची असून अनेक वर्षे फ्लॉरिडात राहते. येथे घरोघरी, विशेषतः पोहण्याच्या तलावाभोवती, अ‍ॅल्युमिनियमचेच कुंपण असते. तलावाभोवतीचा अडसर किमान चार फूट उंच हवा असा राज्याचा नियमच आहे. हवा आपल्या कोकणासारखीच दमट, आणि जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम.

२८ सप्टेंबर २०२२ रोजी इयन वादळ नैर्ऋत्य किनाऱ्यावर आले, त्यानंतर काही दिवसांनी आम्ही फोर्ट मायर्सजवळ एका स्नेह्यांकडे मदतीला गेलो होतो. त्यांच्या शेजारचे प्लास्टिकचे सलग फळ्यांचे कुंपण गल्लीभर विखुरले होते, आणि स्नेह्यांचे उभ्या गजांचे अ‍ॅल्युमिनियमचे कुंपण तीन गाळे सोडता उभे होते. ते तीन गाळे नुसत्या वाऱ्याने गेले नव्हते. त्यांच्यावर शेजाऱ्यांच्या फळ्या येऊन अडकल्या, तेवढा भाग भिंतीसारखा बंद झाला आणि मग वाऱ्याने तो लोळवला. म्हणून वादळाची सूचना आली की कुंपणाला बांधलेली ताडपत्री, हिरवी जाळी, पाट्या आधी काढाव्यात. आडोशासाठी आम्ही कुंपणापासून दोन फूट आत जास्वंदीची रांग लावली आहे. तिची पाने झडतात, पण खांबावर ताण येत नाही.

देखभालीविषयी एक उलटी वाटणारी गोष्ट सांगते. पाऊस कुंपणाचा शत्रू नाही, तो मीठ धुऊन नेतो. खराबी आधी दिसते ती पाऊस न पोचणाऱ्या जागी, म्हणजे वरच्या आडव्या पट्टीच्या खालच्या अंगाला आणि ओसरीच्या पागोळीआतल्या गाळ्यात. कोकणात तर ऑक्टोबरनंतर जूनपर्यंत पाऊस जवळजवळ नसतो आणि मीठ साचतच राहते. तेव्हा तुमच्या चार-पाच फेऱ्यांपैकी तीन दिवाळी ते मे या काळात ठेवा आणि प्रत्येक वेळी विहिरीच्या गोड्या पाण्याने, मऊ फडक्याने, पट्ट्यांच्या खालच्या बाजूसकट कुंपण धुवा.

गडगा_आणि_वई :

मी आपल्याच तालुक्यातला आहे. वरील सगळे शास्त्र मान्य करूनही विचारतो की माड पडला तर काय? निसर्गमध्ये आपल्याकडे कुंपणे वाऱ्याने थोडी आणि झाडांनी जास्त मोडली. मोडणार हे गृहीत धरून बांधावे. गाळे एकमेकांत ओवलेले नसावेत, प्रत्येक गाळा चार बोल्ट सोडले की सुटा निघावा, आणि दोन खांब व दोन गाळ्यांचा जादा माल पहिल्याच दिवशी घेऊन माळ्यावर ठेवावा. पाच वर्षांनी तोच साचा आणि तोच रंग मिळत नाही, हे मी घराच्या खिडक्यांबाबत भोगले आहे.

चिऱ्याची जुनी भिंत पूर्ण काढू नये, असेही सुचवतो. खाली दीड फूट चिरा ठेवून त्यावर साडेतीन फूट अ‍ॅल्युमिनियम घेतले तर डुकरे खालून शिरत नाहीत आणि वाऱ्याला पृष्ठभागही कमी मिळतो. मात्र खांब चिऱ्याला बोल्टने ठोकू नयेत. जांभा मऊ असतो, बोल्ट भोकासकट उपसून येतो. भिंत खांबाच्या जागी फोडून खांब जमिनीतच न्यावा. एकट्या घराचे बोल्ट बाहेरून सुटणारे नसावेत, हे सांगायला नको. अ‍ॅल्युमिनियमला भंगारात भाव चांगला मिळतो.

ताण_आणि_तोल :

दीड फूट चिऱ्याची सूचना उत्तम आहे. हिशेबाने सांगतो, आठ फुटांच्या गाळ्यात आडोशाच्या पट्ट्या ठेवल्या तरी भिंतीच्या माथ्याशी वाक ११० ते ११५ पर्यंत उतरतो. ६५ मिमीचा खांब घेतल्यास आईंचा आडोसा राखता येईल. खांब खरोखर किती जाडीचा आहे हे ओळखण्याची सोपी खूण अशी की एक फुटाचा तुकडा मागून स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवावा. ५० मिमी चौरस दीड मिमीचा तुकडा २४० ग्रॅम भरतो आणि ६५ मिमी चौरस ३ मिमीचा ६१० ग्रॅम.

पोफळीची_वाडी :

सर्वांचे मनापासून आभार. फॅब्रिकेटरने नमुन्यादाखल दिलेला फूटभर तुकडा घरात होताच. आईच्या पीठ मोजायच्या काट्यावर तो २०५ ग्रॅम भरला, म्हणजे दीड मिमी म्हणून सांगितलेली जाडी प्रत्यक्षात १.३ मिमीच्याही आत आहे. त्यांना फोन केला तेव्हा ‘बाजारात हेच चालते’ असे उत्तर मिळाले.

आता ६५ मिमीच्या खांबांचा भाव दुसऱ्या दोघांकडून मागवला आहे आणि वजन प्रति मीटर लेखी द्यावे अशी अट घातली आहे. खालचा दीड फूट चिरा राहील. आडोशाच्या पट्ट्या केवळ न्हाणीघरासमोरच्या तीन गाळ्यांत असतील आणि उरलेल्या बाजूला उभ्या सुट्या पट्ट्या घेऊन आतून जास्वंद लावू. आईने जास्वंदीला लगेच होकार दिला, पूजेची फुले घरचीच होतील म्हणून. एक शंका उरली आहे. फाटकाची चौकट लोखंडी ठेवायची की तीही अ‍ॅल्युमिनियमची, आणि लोखंडी ठेवल्यास बिजागऱ्यांपाशी दोन्ही धातू वेगळे कसे राखायचे, हे चौकट_बिजागरी यांनी सवडीने सांगावे.

चौकट_बिजागरी :

फाटकही अ‍ॅल्युमिनियमचेच करा, पण त्याचे दोन्ही खांब आरसीसीचे (सळ्या घातलेल्या काँक्रीटचे) घ्या. बिजागऱ्या ३१६ च्या, आणि त्यांच्या व फाटकाच्या मध्ये ३ मिमी नायलॉनची पट्टी. झडपेला तळाशी जमिनीत उतरणारा बोल्ट हवाच, कारण वादळात फाटक नुसत्या कडीवर राहिले की रात्रभर आपटून आधी बिजागरी निखळते. तळबोल्टाचे भोक दर पावसाळ्यापूर्वी वाळू काढून मोकळे करावे लागते, एवढे वाडीतल्या गड्याला सांगून ठेवा.