मदत हवी आहे : विंडोज बंद करून उबुंटू सुरू केले की डी ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही, आणि घड्याळही साडेपाच तासांनी चुकते

नमस्कार.

माझ्या लॅपटॉपवर विंडोज १० आणि उबुंटू २२.०४ (लिनक्सचा एक प्रकार) अशा दोन ऑपरेटिंग सिस्टीम आहेत. 'त्यांतली एक काढून टाका' हा सल्ला मला आतापर्यंत तीन जणांनी दिला आहे, म्हणून दोन्ही का लागतात ते आधीच सांगते. आमच्या दिवाळी अंकाचा मजकूर मी उबुंटूवर युनिकोडमध्ये टंकते आणि तिथेच मुद्रिते तपासते. मुद्रकाकडे मात्र पानांची जुळणी अजून पेजमेकर या पानमांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोडच्या आधीच्या टंकांत होते, आणि मजकूर त्या टंकांत बदलून देणारे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते. लॅपटॉप जुना असल्यामुळे त्यावर विंडोज ११ बसत नाही. आणि विंडोज १० साठीची नेहमीची सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्यापासून मी इंटरनेटची सगळी कामे उबुंटूवर नेली आहेत. विंडोजला आता मी इंटरनेट जोडतच नाही.

रचना अशी आहे. २५६ जीबीच्या एसएसडीवर दोन्ही सिस्टीम आहेत, आणि १ टीबीची वेगळी हार्ड डिस्क विंडोजमध्ये डी ड्राइव्ह म्हणून दिसते. ती एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असून अंकाच्या सर्व फाइल तिच्यावरच आहेत, म्हणजे दोन्हीकडून काम त्याच फाइलींवर होते.

अडचण अशी की, विंडोजमधले काम संपवून, लॅपटॉप रीतसर शटडाउन करून, नंतर उबुंटू सुरू केले की डी ड्राइव्ह उघडतो, फाइल वाचता येतात, पण काहीही साठवायला गेले की तो फक्त वाचनासाठी उपलब्ध असल्याचा संदेश येतो. टर्मिनलमधून जोडून पाहिले तेव्हा दिसलेल्या संदेशाचा आशय असा होता की, फाइल सिस्टीम नीट बंद झालेली नाही, तिची माहिती विंडोजच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) अडकली आहे आणि विंडोज पूर्णपणे बंद करावे. मी तर ते पूर्णपणेच बंद करते! शिवाय असे दर वेळी होत नाही. काही दिवस सगळे सुरळीत चालते आणि मग पुन्हा तेच.

दोन आठवड्यांपूर्वी इंटरनेटवर कुठेतरी वाचून मी उबुंटूमध्ये 'एनटीएफएसफिक्स' ही आज्ञा चालवली. ड्राइव्ह लगेच लिहिता येण्याजोगा झाला, म्हणून मी एका लेखमालेची स्कॅन केलेली ११ पाने त्यावर उतरवून घेतली. दुसऱ्या दिवशी विंडोज उघडले तर त्यांतले एकही पान तिथे नव्हते आणि ज्या फोल्डरमध्ये ती ठेवली होती तो फोल्डरही नव्हता. गावातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉप दाखवला, तेव्हा हार्ड डिस्क खराब होत आली आहे, ती बदलावी लागेल, असे सांगण्यात आले.

दुसरी अडचण घड्याळाची आहे. उबुंटूवर वेळ बरोबर असते, पण त्यानंतर विंडोज उघडले की तिथले घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे असते. मी ते हाताने नीट लावले, तर पुढच्या वेळी उबुंटू सुरुवातीला साडेपाच तास पुढे असते आणि इंटरनेट जोडल्यावर आपोआप ठीक होते. मदरबोर्डवरचा सेल बदलला, फरक पडला नाही. आधी मी याकडे दुर्लक्ष केले होते, पण फाइलींची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवणारा माझा प्रोग्रॅम 'जी फाइल नवी ती ठेवायची' या तत्त्वावर चालतो, आणि विंडोजमध्ये दुपारी ३ वाजता दुरुस्त केलेल्या लेखावर सकाळी ९.३० ची वेळ पडल्यामुळे त्याने दुपारी १ ची जुनी प्रत नवी समजून तीच कायम ठेवली. हे माझ्या लक्षात येईपर्यंत तीन लेख जुन्या स्वरूपात मुद्रकाकडे गेले होते.

माझे प्रश्न असे : डिस्क खरोखर बदलावी लागेल का, या दोन अडचणींचा एकमेकींशी काही संबंध आहे का, आणि हरवलेली ११ पाने परत मिळण्याची काही आशा आहे का?

प्रतिसाद १

डिस्क बदलण्याआधी तिची प्रकृती स्वतः पाहून घ्या. उबुंटूमध्ये 'डिस्क्स' नावाचा प्रोग्रॅम असतो. त्यात हार्ड डिस्क निवडून मेन्यूमधून स्मार्ट माहिती (डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद) उघडा आणि बदललेल्या व प्रलंबित सेक्टरांचे, म्हणजे डिस्कवरच्या खराब किंवा संशयास्पद तुकड्यांचे, आकडे किती आहेत ते इथे लिहा. दोन्ही शून्य असतील तर दुकानदाराच्या निदानावर माझा विश्वास बसणार नाही. कटकट कायमची संपवायची असेल तर डी ड्राइव्ह ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीत फॉरमॅट करणे हाही एक मार्ग आहे.

प्रतिसाद २

ईएक्सटी४ चा सल्ला इथे उपयोगाचा नाही, कारण विंडोज ती पद्धत स्वतःहून वाचत नाही आणि धागाकर्तीला त्याच फाइल विंडोजमध्येही हव्या आहेत. एक्सफॅट ही तिसरी पद्धत दोन्हीकडे चालेल, पण त्यात जर्नल, म्हणजे डिस्कवर होणाऱ्या बदलांची नोंदवही, नसते. वीज गेली किंवा मध्येच लॅपटॉप बंद पडला तर एनटीएफएस जितके सावरते तितके ते सावरत नाही. अंकाच्या फाइलींसाठी मी ते वापरणार नाही.

धागाकर्तीने एक गोष्ट सांगावी. ज्या दिवशी सगळे सुरळीत चालले, त्या दिवशी तुम्ही विंडोजमधून उबुंटूत शटडाउन करून गेला होतात की रीस्टार्ट करून?

धागाकर्ती

दोन्ही आकडे शून्य आहेत.

रीस्टार्टबद्दल विचारलेत ते बरे झाले. आठवून पाहिले तर घाईच्या दिवसांत मी रीस्टार्ट करून थेट उबुंटूत जाते आणि एरवी रात्री शटडाउन करून सकाळी उबुंटू उघडते. आज मुद्दाम दोन्ही प्रकार तीन-तीन वेळा करून पाहिले. रीस्टार्ट करून गेले की तिन्ही वेळा ड्राइव्हवर लिहिता आले, शटडाउन करून गेले की तिन्ही वेळा आले नाही. हे मला पूर्ण उलटे वाटते. शटडाउनने तर सगळे अधिक नीट बंद व्हायला हवे ना?

प्रतिसाद ३ (प्रतिसाद २ लिहिणाऱ्याचाच)

तुमच्या या प्रयोगातून निदान झाले. डिस्क बदलू नका.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे आणि बहुतेक लॅपटॉपवर ती आधीपासूनच चालू असते. ती चालू असताना तुम्ही शटडाउन म्हटले की विंडोज तुमचे प्रोग्रॅम बंद करते आणि तुम्हाला लॉग-आउट करते, पण स्वतःचा गाभा, म्हणजे कर्नेल आणि ड्रायव्हर, बंद न करता त्यांची जशीच्या तशी स्थिती सी ड्राइव्हवरच्या एका फाइलमध्ये उतरवून ठेवते आणि मग वीज तोडते. पुढच्या वेळी ते शून्यापासून सुरू न होता ती फाइल वाचून जागे होते, म्हणून लवकर उघडते. म्हणजे तुम्ही ज्याला बंद करणे समजता, ते अर्धे झोपवणे असते. रीस्टार्ट म्हटल्यावर मात्र विंडोज खरोखर संपूर्ण बंद होऊन नव्याने सुरू होते, कारण अद्यतने आणि ड्रायव्हर बसवण्यासाठी ते आवश्यक असते. नावांवरून वाटते त्याच्या उलट हा कारभार आहे आणि त्यात तुमचा काही दोष नाही.

आता झोपलेल्या विंडोजच्या दृष्टीने डी ड्राइव्ह अजून त्याच्याच ताब्यात आहे. कोणता फोल्डर कुठे आहे, कोणती जागा मोकळी आहे, याचा हिशेब त्याने आपल्या स्मृतीत धरून ठेवलेला असतो. उबुंटूचा ड्रायव्हर हे ओळखतो आणि केवळ वाचण्याची परवानगी देतो. ती अडवणूक तुमच्या फाइलींच्या भल्यासाठीच होती. एनटीएफएसफिक्सने जर्नल पुसले आणि ती अडवणूक दूर केली. तुम्ही ११ पाने लिहिलीत, सकाळी विंडोज जागे झाले, त्याने आपल्याजवळचा रात्रीचा हिशेब खरा मानून पुन्हा डिस्कवर उतरवला, आणि त्या हिशेबात तुमचा फोल्डर नव्हता. ही आज्ञा दुरुस्तीची म्हणून सगळीकडे सांगितली जाते, पण विंडोज झोपलेले असताना ती चालवू नये हे तिथे क्वचितच लिहिलेले असते.

उपाय विंडोजमध्ये करायचा आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा, डावीकडे पॉवर बटनांनी काय करावे हे ठरवणारा दुवा आहे तो दाबा. फास्ट स्टार्टअपची खूण तिथे फिकट दिसेल आणि काढता येणार नाही. वर 'सध्या उपलब्ध नसलेली सेटिंग्ज बदला' अशा अर्थाची ओळ आहे, ती दाबल्यावरच खूण काढता येते. ही पायरी इतकी आडबाजूला आहे की बरेच जण तिथूनच परत फिरतात. मी स्वतः त्याऐवजी प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' ही आज्ञा देतो, अर्थात रोमन अक्षरांत. त्याने फास्ट स्टार्टअप ज्यावर चालते ते हायबरनेशनच (चालू स्थिती फाइलमध्ये उतरवून वीज तोडणे) बंद होते आणि त्याची मोठी फाइलही पुसली जाते. ती साधारण रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे तुमची रॅम ८ जीबी असेल तर एसएसडीवर ३ जीबीहून अधिक जागा मोकळी होईल. ही आज्ञा दिल्यावर एकदा रीस्टार्ट करा. विंडोज उघडायला काही सेकंद जास्त लागतील, एवढाच तोटा.

हरवलेल्या पानांसाठी आधी डी ड्राइव्हवर नवे काहीही लिहिणे थांबवा. विंडोजने मधल्या काळात डिस्क तपासली असेल, तर डी ड्राइव्हच्या मुळाशी 'फाउंड' आणि पुढे तीन शून्ये अशा नावाचा लपवलेला फोल्डर असू शकतो. लपवलेल्या फाइल दाखवण्याचे सेटिंग चालू करून तो उघडा. आत सीएचके या शेवटाच्या फाइल असतील, त्यांचा शेवट बदलून जेपीजी किंवा पीडीएफ करून पाहा. सगळे मिळेल असे आश्वासन देता येत नाही.

प्रतिसाद ४

घड्याळाचा फास्ट स्टार्टअपशी संबंध नाही, ते स्वतंत्र प्रकरण आहे, आणि सेल बदलण्याचे पैसे वाया गेले हे सांगताना वाईट वाटते. मदरबोर्डवरच्या घड्याळात केवळ तारीख आणि वेळ असते. ती वेळ कुठली, याची नोंद बहुधा नसते. विंडोज डॉसच्या काळापासूनच्या प्रथेने ती स्थानिक वेळ मानते, तर लिनक्स ती जागतिक प्रमाणवेळ मानून तीत आपले साडेपाच तास मिळवते. उबुंटू इंटरनेटवरून वेळ घेऊन मदरबोर्डवर जागतिक वेळ लिहून ठेवते, विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचते, आणि सकाळचे १० वाजलेले असताना पहाटेचे ४.३० दाखवते. विंडोजला इंटरनेट असते तर त्याने कधीतरी चूक सुधारली असती, पण तुम्ही ते तोडले असल्यामुळे चूक तशीच राहते.

दोघांपैकी एकाने दुसऱ्याची प्रथा स्वीकारायची आहे. भारतात सोपा मार्ग उबुंटूला वळवण्याचा : टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' ही आज्ञा द्यावी. त्यावर उबुंटू एक इशारा दाखवते की, उन्हाळी वेळ बदलताना या पद्धतीत गोंधळ होऊ शकतो. देशभर एकच वेळ आणि ती वर्षभर तीच, असे आपल्याकडे असल्याने तो इशारा तुम्हाला लागू होत नाही. मी जर्मनीत राहतो, इथे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ सरकवावे लागते, त्यामुळे मी उलट केले आहे : विंडोजच्या रजिस्ट्रीत टाइमझोनइन्फर्मेशन या कीखाली 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' नावाचे डीवर्ड मूल्य १ करून विंडोजलाच जागतिक वेळ वाचायला लावली आहे. दोन्ही उपाय एकदम करू नका, नाहीतर तोच घोळ उलट्या दिशेने सुरू होईल.

प्रतिसाद ५

बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना केवळ प्रमाणित सॉफ्टवेअर चालू देणारी सोय, बंद करून पाहिले का? माझ्या बऱ्याच अडचणी त्याने सुटल्या.

प्रतिसाद ६ (प्रतिसाद २ लिहिणाऱ्याचाच)

कृपया तसे करू नका. या दोन्ही अडचणींशी सिक्युअर बूटचा काही संबंध नाही. शिवाय विंडोजचे ड्राइव्ह बिटलॉकर या विंडोजच्याच सोयीने कूटबद्ध असतील, तर हे सेटिंग बदलल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते, आणि ती कुठे जपून ठेवली आहे हे बहुतेकांना त्या क्षणी आठवत नाही.

धागाकर्ती

उत्तरे दिलेल्या सर्वांचे आभार. गेले दहा दिवस तपासून मगच लिहीत आहे.

'पॉवरसीएफजी' ची आज्ञा दिल्यापासून मी विंडोजमधून रोज शटडाउन करूनच उबुंटूत जाते आणि एकदाही डी ड्राइव्ह अडला नाही. विंडोज उघडायला पूर्वीपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. मी धाग्यात लिहिले नव्हते, पण शटडाउननंतर उबुंटूत अधूनमधून वाय-फायचे कार्डच दिसत नसे. तेही या दहा दिवसांत घडले नाही. घड्याळासाठी उबुंटूतली आज्ञा दिली आणि विंडोजचे घड्याळ एकदा हाताने लावले. आता दोन्हीकडे वेळ जुळते.

'फाउंड' चा फोल्डर सापडला. त्यात ११ पैकी ७ पाने निघाली, त्यांतले एक अर्धेच उघडते. राहिलेल्या पानांसाठी लेखकाकडून मूळ हस्तलिखित पुन्हा मागवले आहे. जुन्या प्रतीत गेलेले तिन्ही लेख मुद्रकाकडे बदलून दिले, आणि प्रती ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'नवी ती ठेवायची' ऐवजी आशय ताडून पाहण्याचा पर्याय निवडला आहे.

एक शंका उरली आहे. उबुंटूत फाइल्स उघडल्यावर डावीकडे विंडोजचा सी ड्राइव्हही दिसतो. हायबरनेशन बंद असल्यामुळे आता त्यावर लिहिता येते. तिथून काही काढले-ठेवले तर चालेल का?

प्रतिसाद ७ (प्रतिसाद २ लिहिणाऱ्याचाच)

वाचायला हरकत नाही. लिहू नका. तिथल्या फाइलींच्या परवानग्या विंडोजच्या असतात आणि उबुंटू त्या जुमानत नाही, त्यामुळे विंडोजने कधीच पुसू दिली नसती अशी फाइल तिथे एका क्लिकने जाते.