तुडुमाजवळची पांढरी फुलं: उपटून परसात लावू का?

धुऱ्यावरचा (साकोलीकडे, जि. भंडारा):
आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीखाली तुडुमातून, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडातून, पाणी पाझरतं, तिथं ओल्या गवताची एक पट्टी आहे. पौषात त्यात वीतभर उंचीची पांढरी फुलं येतात. ओठ हळदीसारखा पिवळा, पानं गवतासारखी पण तांबूस. यंदा मोजली, ४३ भरली. शिवारात दुसरीकडे कुठंच दिसली नाहीत.
उन्हाळ्यात गाळ काढायचा ठराव झालाय. गाळ मलाही पाहिजे, खोटं कशाला बोलू, माझ्या बांद्या (धानाची खाचरं) त्याच पाण्यावर आहेत. पण ठेकेदार म्हणतो, गाळ पाळीखालीच टाकू, ट्रॅक्टरचा फेरा वाचतो. वरून तुडूम सिमेंटचं करणार. मागच्या साली चार रोपं परसात लावली होती, महिनाभरात गेली.

पानफुटी (नागपूर):
भाऊ, फोटो टाका. वर्णनावरून झ्युक्झिन स्ट्रॅट्युमॅटिका वाटते, जमिनीवर उगवणारी आमरी (ऑर्किड). 'दुर्मीळ' मात्र जपून म्हणा. फ्लोरिडात ती लॉनमध्ये तणासारखी उगवते! तुमच्या शिवारात एकच जागा असेल तर ती जपायलाच हवी, ते वेगळं.
उपटू नका. फुलून बी धरलं की ते रोप तसंही वाळतं, बाजूचा कोंब पुढे येतो. आणि आमरीचं बी म्हणजे धूळ. आत अन्नाचा साठा नसतो, मातीतली बुरशी भेटली तरच रुजतं. रोप न्याल हो, तो चिखल कसा न्याल? खरा धोका सिमेंटचा आहे. पाझर थांबला की पट्टी वाळली.
एप्रिलमध्ये वर काहीच दिसणार नाही, तेव्हा खुणा आत्ताच करा.

ढिवरटोली:
गाळ शेतकरी बांदीत टाकायला स्वतः उचलतील, दवंडी तर द्या. आणि काठ सरळ कापू देऊ नका, उतरता ठेवा. आमच्या इकडे पोकलेननं हौदासारखा तलाव केला, काठाचं गवत गेलं, मासोळीला अंडी घालायला जागा उरली नाही. २००२ च्या कायद्यानं गावात जैवविविधता समिती असते, तिच्या नोंदवहीत ही जागा चढवा. (आमची समिती फक्त कागदावर आहे, तो भाग सोडा.)

धुऱ्यावरचा:
ताई, भाऊ, आज बांबूच्या खुंट्या ठोकल्या, आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. सरपंच म्हणाले, गाळाचं बघू. तुडुमाचं काही बोलले नाहीत. ग्रामसभा २६ जानेवारीला आहे, तिथं विचारतो. रोपं आज ३९ भरली. म्हशीचे खूर होते बाजूला, बहुतेक आमच्याच. फोटो उद्या, इथं रेंज पाळीवर चढल्यावरच येते.