सुईवर काय आहे आणि उशाशी कुठलं पुस्तक?

लोकरगाठ

काल रात्री आयरिश नाटककार जॉन मिलिंग्टन सिंगची १९०४ सालची एकांकिका वाचत होते, समुद्रावर माणसं गमावणाऱ्या घराची. तासाभरात संपते, पण मी निम्म्यावरच थांबले. दोघी बहिणींपुढे एका बुडालेल्या माणसाचे कपडे येतात. आपलाच भाऊ का, हे त्यांना ठरवायचं असतं. शर्टावरून कळत नाही, तसलं कापड कुणाहीकडे असतं. मग धाकटी पायमोजा हातात घेऊन टाके मोजते. साठ घातले होते, चार गळले होते. तिनेच विणलेला.

पुस्तक पालथं ठेवलं आणि रात्री साडेअकराला कपाटाचा खालचा कप्पा उपसला. तिथे आईचं शेवटचं विणकाम आहे. फिकट पिवळ्या स्वेटरची पाठ, माझ्या लेकीसाठी घातलेली. लेक तेव्हा सहा वर्षांची होती, आता हॉस्टेलात असते. सुया तशाच अडकवलेल्या. मीही टाके मोजले, ७८ भरले. उजव्या सुईवर ३७ आणि डावीवर ४१, धागा उजवीकडच्या शेवटच्या टाक्यातून लोंबतोय. म्हणजे आई ओळीच्या मधेच उठली होती. जिने मला जन्मभर सांगितलं की दारावर कुणी आलं तरी हातातली ओळ पुरी करायची, मगच उठायचं, ती.

झोप काही आली नाही. इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हीही लिहा ना, तुमच्या सुईवर सध्या काय आहे, सोबत काय वाचताय, आणि कपाटात असं काही पडून असेल तर तेही.

उलटसुलट

अगं, वाचून अंगावर काटा आला. धागा उजवीकडे लोंबतोय, हे ज्याने विणलंय त्यालाच कळेल.

माझ्याकडे चालू आहे तो नवऱ्याचा बिनबाह्यांचा स्वेटर, गेल्या वर्षीपासून. पुढा झाला, पाठ झाली, गळ्याची पट्टी उरलीये आणि तिथेच अडलंय. गळ्याचे टाके उचलायला दिवसाचा उजेड लागतो आणि दिवसा मला वेळ नसतो. वाचन म्हणाल तर फक्त कानाने. डिकन्सची १८५९ ची ती फ्रेंच राज्यक्रांतीची कादंबरी ऐकतेय. त्यातली मादाम दफार्ज ज्यांना संपवायचंय त्यांची नावं विणकामात नोंदवत बसते. नवऱ्याला सांगितलं तर तो स्वेटर उलटसुलट करून बघायला लागला!

कासवगती

😂 दादांना म्हणावं गळा होईपर्यंत धोका नाही

निळी_लडी

लोकरगाठ ताई, उसवू नका. एवढंच सांगायला आले. बाकी नंतर लिहिते, मशीनचे कपडे काढायचेत.

पायमोजा

पुरुष विणतो म्हटलं की लोक आधी हातांकडे बघतात. मी अकरा वर्षं विणतोय. सुरुवात झाली पाय मोडून सहा आठवडे पडून होतो तेव्हा. मावशी शेजारी बसून विणायची, तिसऱ्या दिवशी म्हटलं दे इकडे. सध्या मोजेच, पाच सुयांवर. चार सुयांवर टाके वाटलेले आणि पाचवीने विणायचं. टाच वळवताना अजूनही प्रत्येक वेळी तेवढीच मजा येते. सरळ चाललेली नळी मधेच थांबते, थोडेच टाके पुढेमागे विणत राहायचे, आणि हातात एकदम टाचेसाठी वाटी तयार होते. ज्यांनी विणली नसेल त्यांनी एकदा तरी विणा.

वाचतोय ते टाकिले बेटाबद्दल, पेरूमधलं, टिटिकाका सरोवरात आहे. तिथे विणकाम पुरुषांचं काम, मुलं लहानपणीच शिकतात आणि नक्षीच्या टोप्या विणतात. बायका मागावर कापड विणतात. युनेस्कोने २००५ मध्ये तिथल्या वस्त्रकलेला मानवी वारशाचा मान दिला. मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग तुला तिकडेच पाठवायला हवं होतं.

सांजवेळ

दुसऱ्या पायाचा मोजा वेळेत कसा करता दादा? माझा एक झाला की दुसऱ्याचे टाके घालायला हात उचलत नाही. तीन एकेकटे पडलेत.

पायमोजा

पहिल्याचे टाके बंद केले की त्याच बैठकीत दुसऱ्याचे घालायचे. दहाच ओळी विणा, पण त्याच दिवशी.

सांजवेळ

हे करून बघते. आजच!

शून्य_टाका

मी विणत नाही, क्रोशे करते, चालेल ना? गणित शिकवते मी. १९९७ मध्ये डायना टाइमिना या गणितज्ञ बाईंनी क्रोशेने हायपरबोलिक पृष्ठ, म्हणजे सगळीकडे खोगिरासारखं वळणारं पृष्ठ, विणलं. वाचलं त्याच रात्री बसले. नियम सोपाय, ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवायचा आणि हे प्रत्येक ओळीत करत राहायचं. दहाबारा ओळींनंतर कापड सपाट राहायलाच तयार होत नाही, कडेला झालरी पडत जातात, प्रवाळासारखं दिसतं. वर्गात नेलं. त्यावर घडी घालून सरळ रेषा कशी धरायची ते दाखवलं, मग एका रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला न छेदणाऱ्या कितीतरी रेषा. शेवटच्या बाकावरचा मुलगा, जो वर्षभर खिडकीबाहेर बघतो, तो तास संपल्यावर येऊन म्हणाला, "मॅडम, हे मला घरी न्यायला द्याल?" दिलं. अजून परत आलेलं नाही आणि मला ते परत नकोही आहे.

वाढवायचं प्रमाण मी पाचाला एक ठेवलं होतं. तिनाला एक केलंत तर फार लवकर आकसून गोळा होतो, लोकरही भराभर संपते.

रातराणी

मॅडम तुम्ही मला शाळेत का नव्हता 🙏

कासवगती

माझी गोष्ट वेगळीच. आतेबहिणीने परदेशातून विणकामाचं पुस्तक आणलं, त्यात एक कार्डिगन होतं, केबलवालं, म्हणजे पिळाच्या विणीचं. सुया लिहिल्या होत्या १० नंबर. माझ्याकडे दहा नंबर आहेतच, बसले. पाच आठवडे. पूर्ण पाठ झाली तेव्हा ती बाहुलीला बसेल इतकी. मग कळलं, आपल्याकडे चालणारे जुने ब्रिटिश नंबर वाढत जातात तशी सुई बारीक होते, अमेरिकेत बरोबर उलटं. आपली दहा म्हणजे ३.२५ मिलिमीटर, त्यांची दहा ६ मिलिमीटर. तेव्हापासून नंबर वाचतच नाही, मिलिमीटर लिहिलेत का ते बघते. नव्याने शिकणाऱ्यांनी कृपा करून हे लक्षात ठेवा. ती पाठ उसवताना मी खरंच रडले होते.

उलटसुलट

आणि नमुना विणा गं सगळ्यांनी! दहा सेंटिमीटरचा चौकोन विणून टाके मोजायचे. २० यायला हवेत तिथे २२ आले तर दोनानं काय होतंय असं वाटतं. २०० टाक्यांचा घेर १०० सेंटिमीटर व्हायला हवा, तो ९१ होतो. नऊ सेंटिमीटर म्हणजे डोक्यातून शिरत नाही किंवा श्वास घेता येत नाही.

निळी_लडी

आले. कपडे झाले. ताई, उसवू नका म्हटलं त्याचं कारण सांगते. माझ्या आजीची शाल मी उसवली होती, मरून रंगाची, दोन ठिकाणी कसरीने खाल्लेली. (त्या उडणाऱ्या पतंगाला मारून काही होत नाही, तो लोकर खातच नाही. खातात त्या अळ्या. वस्तू पिशवीत घट्ट बंद करून आठवडा-दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवायची.) उसवलेला धागा नूडल्ससारखा कुरळा निघतो. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी केली, चार जागी सैल बांधली, कोमट पाण्यात भिजवली, टांगून वाळवली. धागा सरळ झाला. म्हणजे चाळीस वर्षं त्या धाग्याला लागलेलं वळण एका भिजवण्यात गेलं. छान मफलर झाला त्याचा, उबदार आहे, रोज वापरते. पण त्यात आजी कुठे आहे ते मला सापडत नाही. शाल भोकांसकट ठेवायला हवी होती.

रातराणी

माझं मत थोडं वेगळं आहे निळी_लडी. तुझ्या आजीलाच विचारलं असतं तर तिनेच पहिला धागा ओढून दिला असता. आमच्याकडे तर एकच लोकर तीन स्वेटरांतून फिरली, आधी दादाचा, मग माझा, मग धाकट्याचा. शेवटी कोपरं झिजली तेव्हा पायपुसणं. विणणाऱ्या बायका वस्तूत अडकत नव्हत्या.

मी रात्रपाळीला असते, नर्स आहे, सुट्टीच्या दिवशीही रात्री झोप लागत नाही. तेव्हा विणते. सध्या तापमानाचं पांघरूण, रोज एक ओळ, त्या दिवशी जास्तीत जास्त तापमान किती त्यावरून रंग. एक आठवडा मी आजारी होते त्याच्या सात ओळी नंतर एकदम विणल्या, आणि बाहेरच्या हवेवरून मला कळतंय की तेव्हा केवढं उकडत होतं, मी तर पांघरुणात कुडकुडत होते. वाचायला डोळे राहत नाहीत. कथाच वाचते छोट्या, एका ओळीला एक पान.

निळी_लडी

तेही खरं गं. आजी म्हणाली असती, "काय जपून ठेवलंस ते फडकं."

सांजवेळ

रातराणी, काळजी घे. ओळी राहिल्या तरी चालतील.

मनगटासाठी कुणी काही करतं का? अंगठ्यापासून वर ठणकतं. लांब सरळ सुयांवर शालीचं सगळं वजन मनगटावर येतं ना.

पायमोजा

गोल सुई घ्या. दोन टोकं आणि मधे वायर. गोलच विणलं पाहिजे असं नाही, पुढेमागे सरळही विणता येतं. वजन मांडीवर बसतं. आणि अर्ध्या तासाने उठायचंच. ठणका राहिला तर डॉक्टरांना दाखवा, मी दुर्लक्ष केलं आणि चार महिने सुईला हात लावता आला नाही.

उलटसुलट

कुणी एलिझाबेथ झिमरमन वाचली आहे का? विणकामावरचं १९७१ चं पुस्तक आहे तिचं, मैत्रिणीकडून आणलंय. स्वेटरच्या अंगाचे टाके १०० टक्के धरायचे, मनगटाचे त्याच्या २० टक्के, दंडाचे ३३ च्या आसपास. बास. नमुना विणा, छाती मोजा, बाकी सगळं त्यातून निघतं. कोणाच्या लिहिलेल्या आकड्यांवर अवलंबून राहायचं कारणच उरत नाही. एवढ्या विश्वासाने विणणाऱ्याशी बोलणारं पुस्तक मी आधी वाचलं नव्हतं. आज दुपारी उजेड होता तोवर गळ्याचे टाके उचलायला घेतले, त्याचं श्रेय तिचं.

कासवगती

उचलले??? दादांना सांभाळून राहायला सांगा आता

लोकरगाठ

सगळं वाचलं, दोनदा. रातराणी आणि निळी_लडी, तुमच्या दोघींचंही पटतंय, त्यामुळे दिवसभर तो पिवळा तुकडा जेवणाच्या टेबलावर नुसता ठेवून होते.

मग दुपारी उरलेल्या गुंड्यातून नमुना विणला. आईच्या विणीत दहा सेंटिमीटरला २४ टाके. त्याच सुयांवर माझे २१. आईचा हात फार घट्ट, टाक्यात दुसरी सुई शिरवायची तर टोक रेटावं लागतं. अकरा नंबरवर माझे २२ आले. बारावर २४ आले, पण कापड पुठ्ठ्यासारखं. बोटंही दुखली. तिला इतकी घट्ट वीण सहज कशी यायची? लहानपणी तिच्या तर्जनीवर धाग्याची रेघ उमटलेली असायची. मला वाटायचं ती जन्मखूण आहे.

शेवटी तिच्याच सुया घेतल्या. तिचे ३७ तसेच ठेवले आणि उरलेले ४१ माझ्या हाताने विणले. ओळ पुरी केली. खिडकीशी धरलं की कुठून माझं सुरू होतं ते स्पष्ट दिसतं, तिथून वीण एकदम सैल. तशीच राहू दिली. लेकीला फोटो पाठवला, तिने उलट विचारलं, "हा माझा होता?"

आता उलट टाक्यांची ओळ आहे. ती उद्या.

निळी_लडी

ताई 💛

सांजवेळ

दुसऱ्या मोज्याच्या दहा ओळी झाल्या बरं का.

कासवगती

लोकरगाठ, सुया कितीच्या आहेत आईच्या?

लोकरगाठ

दहा.

कासवगती

आपल्या दहा ना?

लोकरगाठ

हो गं. ३.२५.