पत्र्याच्या घरातले फोटो: आत काळं, दारात पांढरंफट

पांझराकाठ: धुळ्यात नदीकाठच्या वस्तीतलं रोजचं जगणं टिपायचंय. क्रॉप सेन्सर (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा, सोबत आलेली १८-५५ मिमीची किट झूम लेन्स आणि ५० मिमी एफ १.८ लेन्स आहे. घरात चेहरा काळा येतो, दार पांढरंफट जळून जातं. बाहेर कॅमेरा दिसला की माणसं ताठ उभी राहतात. काय करावं?

काळीमाती: दाराकडे तोंड करून फोटो काढताय म्हणून तसं होतंय. आत जाऊन दाराकडे पाठ करा, पण थोडं बाजूला सरून. नाहीतर तुमचीच सावली चुलीवर पडेल. दारातला उजेड भाकरी थापणारीच्या चेहऱ्यावर येतो. मीटरिंग (कॅमेऱ्याचं उजेड मोजणं) स्पॉटवर ठेवा, म्हणजे एकाच ठिपक्यावरचा उजेड मोजला जाईल; तो ठिपका चेहऱ्यावर. दहा बाय दहाच्या खोलीत ५० ची लेन्स फार जवळचं दाखवते, क्रॉप सेन्सरवर ती ७५-८० मिमीसारखी पडते. किट २४ मिमीच्या आसपास ठेवा, एफ ४ (लेन्सचं तोंड किती उघडं ते), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००. १८ वर कडेचा चेहरा ताणला जातो.

एलईडी बल्ब चालू असेल तर शटर १/१०० किंवा १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त बल्ब सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. १/५०० ठेवलं की फोटोत पट्टे. १/५० ला थापणारे हात हलतील, हलू द्या.

छतावर निळी ताडपत्री असेल तर अर्धा चेहरा निळा, अर्धा दाराच्या उजेडात. असा दुहेरी रंग रॉ फाइलमध्येही (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) नंतर नीट सुधारता येत नाही. चेहरा पूर्ण दाराकडे वळेपर्यंत थांबायचं.

गिरणामाय: उजेडाचं ठीक आहे, पण आधी माणसांचं बघा. वस्तीत कॅमेरा म्हणजे अतिक्रमणाचा सर्व्हे, हीच पहिली शंका. "फोटो कसाले काढी राहिना भो?" असं कोणी विचारलं की कॅमेरा खाली करून ओट्यावर बसा आणि सरळ सांगा: कशासाठी काढताय, कुठे लावणार. हातात वही किंवा फॉर्म नको. घराचा नंबर, मीटरचा आकडा, वरून ओढलेली वायर चौकटीत नको. एखाद्याचं कनेक्शन तुटायचं. मोरीवर टाकलेला साडीचा आडोसा दिसला की कॅमेरा बंद. पोरांचे फोटो आई-बापाला विचारूनच.

पोझ मोडायची असेल तर नळ येण्याचा दिवस गाठा. ड्रम, पाइप, हंडे, भांडणं, सगळं एकदम. तुमच्याकडे बघायला फुरसत कोणाला? पुढच्या खेपेला चार बाय सहाचे प्रिंट नेऊन वाटा. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो प्रिंटची जागा घेत नाही.

तापीतीर: वरच्या दोघांशी सहमत. फक्त कृष्णधवल करू नका. निळ्या चुन्याची भिंत, हिरवं दार, स्टीलची मांडणी घासूनपुसून लावलेली असते. रंग काढला की उरते नुसती गरिबी. कानबाईच्या (खानदेशातला श्रावणातला देवीचा सण) रविवारी घरं सजतात, फोटो काढा म्हणून लोक स्वतः बोलावतात. ओळख करायला तो दिवस चांगला, 'रोजचं' म्हणून ते फोटो वापरू नका.

आणि मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली कॅमेरा तापून बंद पडतो. सकाळी नवाच्या आत उरका. गल्लीत लेन्स बदलायची नाही, धूळ थेट सेन्सरवर बसते. ऑनलाइन टाकण्याआधी फाइलमधलं लोकेशन काढून टाका.