पावडरी आयरिस: खरी मोहिनी की महागडी टाल्कम पावडर?

वाळ्याचा_पडदा (धागाकर्ती)

आयरिस या फुलझाडाच्या परफ्यूमविषयी आपल्याकडे दोन टोकाची मते ऐकू येतात. काहींना तो वास येताच आजीच्या कपाटातली पावडर आठवते आणि ते टेस्टर जागच्या जागी ठेवून देतात. काहींना मात्र त्यापुढे गुलाब, मोगरा आणि ऊद सारेच बटबटीत वाटू लागतात. मी दुसऱ्या पंथातली आहे.

हा सुगंध फुलाचा नाही, हे आधी सांगायला हवे. फ्लॉरेन्सजवळच्या कियांतीच्या टेकड्यांवर, विशेषतः सान पोलो गावाच्या परिसरात, फिकट जांभळ्या आयरिसची लागवड होते ती जमिनीखालच्या कंदासाठी. कंद सुमारे तीन वर्षे मातीत वाढतो, मग तो उपटून, सोलून वाळवतात आणि त्यानंतर आणखी काही वर्षे नुसता ठेवून देतात. ताज्या कंदाला म्हणण्यासारखा सुगंध नसतो. सुंठीसारखा पांढुरका, टणक झालेला तुकडा मुरत जातो तसतसा वास त्याच्यात तयार होतो. वाफेच्या ऊर्ध्वपातनातून जे हाती येते ते पातळ तेल नसून लोण्यासारखा घट्ट, पिवळसर पदार्थ असतो, आणि टनभर वाळलेल्या कंदातून तो जेमतेम दोन किलो निघतो.

उदाहरण म्हणून प्रादाचे 'इन्फ्यूजन दिरिस' घेऊ, जे दानिएला आंद्रिए यांनी 2007 साली घडवले. मनगटावर फवारल्यावर आधी संत्र्याच्या फुलांचा उजळ वास येतो, मग थोडा हिरवट कडूपणा, आणि ते दोन्ही विरल्यावर खाली उरतो तो थंड, कोरडा, नुकत्याच इस्त्री केलेल्या सुती कापडाजवळ जाणारा पावडरी वास, ज्याला धूप आणि लोबानाची अगदी पुसट किनार असते. त्यात गोडवा जवळजवळ नाही. बाजारात सध्या व्हॅनिला आणि कॅरॅमलचा जो पूर आला आहे, त्यात समोरच्याची मर्जी राखण्याची खटपट न करणारा हा वास मला फार मोलाचा वाटतो. आपले म्हणणे वेगळे असल्यास जरूर मांडावे.

चिकित्सक_नाक

कंदाची कथा सुरेख आहे, परंतु ती बाटलीत किती उतरते हा खरा प्रश्न आहे. ज्या द्रव्याची किंमत किलोला हजारो युरो आहे, ते मॉलमध्ये विकल्या जाणाऱ्या परफ्यूममध्ये नावापुरतेच घालणे परवडते. उरलेला परिणाम मिथिल आयोनोन, हेलिओट्रोपिन आणि मस्क या सुगंधी द्रव्यांवर उभा असतो, आणि नेमकी हीच मंडळी टाल्कम पावडरच्या सुगंधातही असतात. मग आजीच्या पावडरीची आठवण येणाऱ्याचे नाक चुकले कुठे? उलट त्याने नेमके ओळखले, असे मी म्हणेन.

दुसरे असे की हा तथाकथित संयम वातानुकूलित खोलीपुरताच टिकतो. मे महिन्यात दादरच्या पुलावरून चालताना घामात मिसळलेला पावडरी वास जसा लागतो, त्याला संयम म्हणणे धाडसाचे ठरेल. मी अशीच एक बाटली भावनेच्या भरात घेतली होती. ती आता कपड्यांच्या कपाटात सुगंधी पिशवीचे काम करते, आणि ते काम मात्र ती चोख बजावते.

रसायनशाळा

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण वास पावडरीसारखा का येतो हे कुणीच सांगितलेले नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

जर्मनीत टिमान आणि क्र्यूगर हे रसायनशास्त्रज्ञ व्हायोलेट फुलांच्या सुगंधाचे मूळ शोधत होते. ती फुले अतिशय महाग असल्यामुळे त्यांनी जवळपास तसाच वास असलेला आयरिसचा कंद अभ्यासाला घेतला, त्यातून आयरोन हा सुगंधी घटक वेगळा केला आणि त्याच्या मागावर असताना 1893 साली सिट्राल व ॲसिटोन यांच्यापासून व्हायोलेटच्या वासाचे आयोनोन बनवले. हे सिट्राल आपल्या ओळखीच्या गवती चहात भरपूर असते, आणि पुढे आयोनोनच्या कारखान्यांसाठी केरळातल्या गवती चहाच्या तेलाला मोठी मागणी आली. व्हायोलेटचा वास एकदा स्वस्त झाल्यावर तो साबण, फेस पावडर आणि लिपस्टिकमध्ये सर्रास पडू लागला. त्याच्याही कितीतरी आधी युरोपात दळलेला कंदच केसांच्या आणि टोपांच्या पावडरीत मिसळत असत. म्हणजे पावडरीने हा वास आयरिसकडून घेतलेला आहे. आयरिसला पावडरीची नक्कल ठरवणे हा क्रम उलटा लावणे होय.

नैसर्गिक आणि कृत्रिम या वादातही जरा जपून चालावे. आयरिस बटरचा, म्हणजे कंदातून निघणाऱ्या त्या लोण्यासारख्या पदार्थाचा, बहुतांश भाग मिरिस्टिक आम्लाचा असतो, ज्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. व्यापारात हे बटर 8 किंवा 15 टक्के आयरोन अशा प्रतवारीने विकले जाते. ताज्या कंदात आयरोन नसतेच. त्यात इरिडाल नावाची मोठी संयुगे असतात, साठवणीच्या काळात ती हवेतील ऑक्सिजनमुळे हळूहळू तुटतात आणि त्यातून आयरोन बनते. इटलीच्या आणि मोरोक्कोच्या कंदांत आयरोनच्या निरनिराळ्या रूपांचे प्रमाण वेगळे असते, त्यामुळे एकच कृत्रिम रेणू घालून तंतोतंत तोच वास येत नाही. पण 'कृत्रिम म्हणजे फसवणूक' हे म्हणणेही टिकत नाही.

शिवाय आयरोनच्या जवळच्या नात्यातले बीटा-आयोनोन सर्वांना सारखे जाणवत नाही. त्याचा वास येणे हे मुख्यतः ओआर५ए१ या एका जनुकावर अवलंबून असल्याचे 2013 साली संशोधकांनी दाखवले. काहींना तो फुलासारखा सुगंधी लागतो, तर काहींना आंबट, उग्र. तेव्हा एकाच बाटलीवरून भांडणारी दोन माणसे कदाचित दोन निरनिराळे वास घेत असतात.

चिकित्सक_नाक

रसायनशाळा, माहितीबद्दल आभार. परंतु जनुकाची सबब माझ्या बाबतीत लागू करू नये. मला हा वास स्वच्छ येतो, त्यातले व्हायोलेट कळते, गाजर कळते, आणि तरीही तो आवडत नाही. प्रत्येक नावडीला शरीरशास्त्रात बसवले तर रुचीवर बोलायला काही उरणारच नाही. क्रमाचा मुद्दा इतिहास म्हणून मान्य आहे. पण माझ्या नाकाने आधी पावडर ओळखली आणि आयरिस पुष्कळ नंतर, त्याला टिमानसाहेब काय करणार?

मोहाचं_झाड

हा वास आपल्याला परका आहे असा जो सूर वर उमटतो, तो मला पटत नाही. वेखंड, नागरमोथा, कचोरा ही उटण्यातली सारी मंडळी जमिनीखालचीच आहेत, आणि वेखंडाची पूड तर आपण तान्ह्या बाळाच्या अंगाला लावत आलो आहोत. वाळलेल्या कंदाचा कोरडा, किंचित मातकट वास आपल्या नाकाला चांगला ठाऊक असतो. फक्त त्याला काचेच्या बाटलीत पाहण्याची सवय नाही.

आणि हा बायकी वास आहे असे कुणी म्हणण्याआधी सांगतो: 2005 साली ऑलिव्हिए पोल्ज यांनी 'दिओर ऑम' पुरुषांसाठी घडवले तेव्हा त्याच्या मध्यभागी आयरिसच ठेवला, सोबत लॅव्हेंडर आणि कोको. मी ते कचेरीत लावतो. घरी लिपस्टिकवरून टोमणे ऐकावे लागतात, तेवढे चालायचेच.

नागपुरी_ऊन

दादरच्या पुलाचा दाखला मुंबईपुरता ठीक आहे. आमच्याकडच्या कोरड्या उन्हात आयरिस चिकटही होत नाही आणि उग्रही होत नाही. उकाड्यात कुजल्यासारखे वाटतात ते गोड परफ्यूम. दोष दमट हवेचा आहे, कंदाचा नव्हे.

वाळ्याचा_पडदा (धागाकर्ती)

चिकित्सक_नाक यांचा किमतीचा मुद्दा मी मोडीत काढत नाही. बाटलीच्या किमतीतला बराचसा भाग नावाचा असतो, हे उघड आहे. परंतु हा वास टाल्कमपुरताच असता, तर 1994 साली मोरिस रूसेल यांनी सर्ज ल्युतेन्ससाठी केलेले 'आयरिस सिल्व्हर मिस्ट' जन्मालाच आले नसते. त्यात कच्चे गाजर आहे, ओली माती आहे, गारठा आहे, आणि गोंजारणे अजिबात नाही. ज्यांना मृदू बाजू पाहायची असेल त्यांनी गेर्लँचे 1906 सालचे 'आप्रे लोंदे' पाहावे, जिथे व्हायोलेट, हेलिओट्रोपिन आणि बडीशेपेच्या छटेत आयरिस विरघळून जातो. या दोन टोकांच्या मधली सगळी जागा पावडरीची आहे, आणि ती जागा मला पुरेशी मोठी वाटते.

चिकित्सक_नाक

'सिल्व्हर मिस्ट' मी डिकँट (मोठ्या बाटलीतून छोट्या कुपीत काढलेला नमुना) मागवून लावून पाहिले आहे आणि ते मलाही आवडते. पण ते आवडते याचे कारण त्यात पावडर जवळजवळ नाही. आपल्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणून आपण ज्याचे नाव घेतलेत, ते धाग्याच्या शीर्षकात बसतच नाही. आयरिसचा बचाव त्याने होतो, पावडरी आयरिसचा होत नाही. 'आप्रे लोंदे'वर मात्र बोलू या, कारण तिथे पावडर खरोखरच आहे आणि माझी हरकतही तिथूनच सुरू होते.