मदत हवी आहे : उन्हात तापणारी गॅसची टाकी

नमस्कार मंडळी. आम्ही ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात जुन्या वाड्यात राहतो. स्वयंपाकघर चिंचोळं, म्हणून टाकी मागच्या ओसरीत आणि रबरी नळी भिंतीतल्या भोकातून आत घेतली आहे. दुपारी तीनला तिथं थेट ऊन येतं. परवा टाकीला हात लावला तर चटकाच बसला. सासूबाई आणि चार वर्षांची लेक दिवसभर तिथंच असतात, त्यामुळे जिवाला घोर लागलाय. गॅसवाला म्हणतो, "कुछ नहीं होता, भाभीजी."

मी हिशेब केला. टाकीत पाणी मावतं ३३.३ लिटर, गॅस १४.२ किलो. टाकीत गॅस दाबाखाली द्रव होऊन असतो. १५ अंशांना या द्रवाचं लिटरला ५४० ग्रॅम वजन धरलं तर २६ लिटर होतात. ४५ अंशांना तोच गॅस २९ लिटरच्या घरात जातो. मोकळी जागा सातावरून चारावर! टाकी याहून तापली तर? आणि आतला दाब किती वाढत असेल?

प्रतिसाद :
ताई, हिशेब बरोबर आहे. हा द्रव पाण्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतो, म्हणूनच टाकी कधी काठोकाठ भरत नाहीत. ६० अंशांनाही दोन-तीन लिटर जागा उरते. ती संपली तर मात्र कठीण. द्रव दबत नाही, मग एकेका अंशाला दाब कित्येक वातावरणांनी चढतो (एक वातावरण म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाएवढा दाब). म्हणून घेताना टाकी काट्यावर तोलून घ्याच. टाकीवर लिहिलेलं रिकामं वजन अधिक १४.२ किलो, त्याहून जास्त नको.

आत थोडा जरी द्रव असला तरी दाब ठरतो तो तापमानावर, गॅस किती उरलाय यावर नाही. नुसत्या प्रोपेनचा २० अंशांना साधारण ८ वातावरणं, ४० ला साडेतेरा. ब्यूटेनचा २० ला साधारण २, ४० ला ४ च्या आत. आपल्या टाकीत दोन्हींचं मिश्रण असतं, म्हणून दाब यांच्या मधे कुठंतरी. टाकी तो सोसते, तरी ती सावलीत, उभीच ठेवा.

मला उन्हापेक्षा ती भिंतीतली नळी जास्त खटकते. आत चिरली तर दिसणारच नाही, आणि हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. नळी डोळ्यांसमोर, दीड मीटरच्या आत हवी. वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा, बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा.

पुन्हा मी :
नळीचं डोक्यातच आलं नव्हतं! आजच काढून पाहिली, भोकाच्या कडेला बारीक चीर आहे. टाकी बंद केलीय, आजचा स्वयंपाक शेजारच्या काकूंकडे. आता विचारायचं एवढंच : टाकी ओट्याखाली आणली, तर त्या कपाटाला तळाशी जाळी पुरेल, की दारच काढून टाकू?