सल्ला हवा: विज्ञान दिनाच्या दालनासाठी बघत राहावेत असे प्रयोग (8वी-9वी, अंधारी खोली, खर्च 3000 पर्यंत)

प्रयोगशाळा_सातारा
28 फेब्रुवारीच्या प्रदर्शनात 8वी-9वीची मुलं एक वर्गखोली सांभाळणार आहेत. विषय: डोळ्यांना दिसणारे चकित करणारे परिणाम आणि त्यामागचं विज्ञान. काळे पडदे लावले की बऱ्यापैकी अंधार होतो. जुना एलसीडी मॉनिटर, अॅम्प्लिफायर आणि 6 इंची वूफर हाताशी आहे. ज्वालामुखी आणि लिंबावर पेटणारा दिवा दरवर्षी असतात, ते नकोत. नुसतं भौतिकशास्त्र नको, जीवशास्त्रही यावं. दिवसभर गर्दीत चालेल असंच सुचवा. मापं आणि नेमकं काय बिघडतं हेही लिहा.

तिरपा_प्रकाश
मॉनिटर आहे ना, मग पहिलं टेबल ताणाच्या रंगांचं करा. बघणाऱ्याच्या बोटाने चित्र बदलतं, आणि प्रदर्शनात नुसत्या तक्त्यापेक्षा असाच प्रयोग लक्षात राहतो.

एलसीडीतून येणारा प्रकाश मुळातच ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत कंप पावतात. मॉनिटरवर कोरं पांढरं पान उघडा, ब्राइटनेस पूर्ण ठेवा. टीव्ही दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात किंवा ऑनलाइन लिनिअर पोलरायझर फिल्म (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारी) मिळते, तिचा वहीच्या पानाएवढा तुकडा पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवा. तो मॉनिटरसमोर फिरवत न्या. एका कोनात पडदा जवळपास काळा होईल. चौकट तिथेच पक्की करा, पडद्यापासून 30-40 सेंमीवर, म्हणजे मधे हात घालता येईल.

आता त्या फटीत कंपास पेटीतला पारदर्शक कोनमापक धरा. काळ्यावर इंद्रधनुषी पट्टे उमटतात. ताणाखालच्या प्लॅस्टिकमध्ये प्रकाशाचे दोन परस्परलंब घटक वेगवेगळ्या वेगाने जातात. बाहेर पडेपर्यंत त्यांच्यात जे अंतर पडतं ते किती तरंगलांबीचं, हे प्रत्येक रंगासाठी वेगळं असतं. फिल्म हे घटक पुन्हा एकत्र आणते तेव्हा काही रंग कटतात, काही उरतात. डेव्हिड ब्रूस्टरने हे 19व्या शतकाच्या दुसऱ्या दशकात काचेवर दाखवलं होतं.

वस्तू निवडताना काळजी घ्या. सीडीची कडक पारदर्शक डबी, वापरून फेकायचे कडक चमचे, कोनमापक उत्तम. जाड अॅक्रिलिक मात्र निराशा करतं, त्यात ताणाचा परिणाम फारच फिका दिसतो. साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकमध्ये थंड होतानाचा ताण गोठलेला असतो, म्हणून ते न दाबताही रंगीत दिसतं. मुलं नेमकं हेच विचारतील, उत्तर तयार ठेवा.

दाबल्यावरच रंग उमटावेत असं वाटत असेल तर जिलेटिन घ्या: 250 मिली गरम पाण्यात 25 ग्रॅम बिनवासाचं जिलेटिन, सपाट डब्यात 2 सेंमी जाडीचा थर, रात्रभर फ्रीजमध्ये. ढवळताना फेस आला तर वरून काढून टाका, बुडबुडे राहिले की चित्र विस्कटतं. सुऱ्याने चौकोन कापा आणि एका बाजूला टोकदार खाच करा. वरून बोटाने दाबलं की बोटाखाली आणि खाचेच्या टोकाशी पट्ट्यांची दाटी होते. गोल खाचेशी ती कमी असते. 1954 मधल्या कॉमेट या जेट प्रवासी विमानांच्या अपघातांची चौकशी झाली तेव्हा केबिनच्या पत्र्यात कापलेल्या झरोक्यांच्या कोपऱ्यांशी साठणारा ताण आणि त्यातून आलेली धातूची थकवाभेग (पुन्हा पुन्हा ताण पडून जाणारी भेग) पुढे आली, ते इथे सांगता येईल. दुपारच्या उन्हाने खोली 30 अंशांच्या आसपास गेली की जिलेटिन लिबलिबीत होतं. दोन ठोकळे फ्रीजमध्ये ठेवा, आलटून पालटून बाहेर काढा.

प्रयोगशाळा_सातारा
छान. दोन शंका. फिल्मऐवजी थ्रीडी सिनेमाचा चष्मा चालेल का? आणि काचेवर सेलोटेप लावून बघितली, काहीच रंग दिसत नाहीत.

तिरपा_प्रकाश
चष्मा चालतो, पण उलटा धरून. हल्लीचे बरेच थ्रीडी चष्मे वर्तुळाकार ध्रुवणाचे असतात, म्हणजे कंपाची दिशा गोल फिरत राहणाऱ्या प्रकाशासाठी केलेले. त्यात पोलरायझर डोळ्याकडच्या बाजूला आणि तो फिरता प्रकाश सरळ करणारा पाव-तरंग थर बाहेरच्या बाजूला असतो. काड्या मॉनिटरकडे करून पाहिलं की प्रकाश आधी पोलरायझरला भेटतो आणि काम होतं. कॅमेऱ्याचा सीपीएल (वर्तुळाकार ध्रुवणाचा) फिल्टर असेल तर तो मात्र नेहमीसारखाच धरायचा, आट्यांची बाजू डोळ्याकडे.

टेपचं कारण बहुधा दिशा. टेप पोलरायझरच्या अक्षाला समांतर किंवा काटकोनात असली तर प्रकाशावर काहीच परिणाम होत नाही. काच हातात धरून 45 अंशात फिरवा, लगेच उजळेल. फुलपाखरू, पतंग काढायचा तर एकाच दिशेने एकावर एक थर द्या. थर वाढले की रंग बदलतो, पण फार वाढले की फिका गुलाबी आणि फिका हिरवाच आलटून पालटून येतो. साधी चकचकीत टेप घ्या, लिहिता येणारी दुधी टेप नको.

राळ_आणि_गज
वूफर आहे तर क्लाड्नीच्या आकृत्या कराच: थरथरणाऱ्या पत्र्यावरची पूड न हलणाऱ्या रेषांवर जमून नक्षी होते. अर्न्स्ट क्लाड्नीने त्या 1787 मध्ये प्रसिद्ध केल्या. त्याने पितळी-काचेच्या तबकड्यांवर वाळू टाकून कडेवर व्हायोलिनचा गज ओढला होता.

1 मिमी अॅल्युमिनियमचा 18 सेंमी चौरस पत्रा, कडा घासलेल्या, वरून मॅट काळा रंग. मध्यबिंदू कर्णांनी काढून 4 मिमीचं भोक. एका कडक प्लॅस्टिकच्या झाकणाला बोल्ट बसवून ते झाकण वूफरच्या शंकूवर इपॉक्सीने चिकटवा. झाकणाची कड शंकू जिथे कॉइलला जोडलेला असतो त्या वर्तुळावर टेकली पाहिजे. मधल्या मऊ टोपीवर चिकटवलंत तर सगळी हालचाल टोपीतच मुरते. पत्रा बोल्टवर दोन नटांमध्ये आवळा आणि स्पिरिट लेव्हलने सपाट करा, नाहीतर सगळी पूड एका कोपऱ्यात जमेल.

पूड म्हणून पांढरी रांगोळी घ्या, काळ्यावर ती वाळूपेक्षा उठून दिसते. पण आधी चाळा, आणि चाळणीवर उरलेली कणीदार तेवढीच ठेवा. अगदी बारीक धूळ स्थिर रेषांवर जमण्याऐवजी सर्वांत जास्त हलणाऱ्या जागी गोळा होते, कारण पत्र्यालगतच्या हवेचे झोत तिला तिकडे ओढतात. फॅरेडेने 1831 मध्ये हे कारण दाखवलं. दोन्ही प्रकारची रांगोळी शेजारी ठेवून मुद्दाम दाखवलंत तर बहार येईल. दमट पूड गोळे धरते, तव्यावर थोडी तापवून घ्या.

मोबाइलवर टोन जनरेटर अॅप, साइन वेव्ह. 150 हर्ट्झपासून सावकाश वर जा, 2000 पर्यंत पुरे. अनुनाद आला की आवाज एकदम वाढतो आणि रांगोळी उडायला लागते, तिथे थांबून 1-1 हर्ट्झने नेमकं पकडा. सापडलेली वारंवारता कागदावर लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी शोधावी लागत नाही. पत्रा दुप्पट जाड केला तर तीच आकृती दुप्पट वारंवारतेला येते, बाजू निम्मी केली तर चौपट. आठवीच्या मुलांनाही हे मोजून पडताळता येतं.

स्पीकरवर पत्र्याचा मध्य हलतो, गजाच्या पद्धतीत मध्य घट्ट धरलेला असल्याने तो स्थिर राहतो. म्हणून पुस्तकातल्या सगळ्या आकृत्या स्पीकरवर येत नाहीत, मुलांना आधीच सांगून ठेवा. व्हॉल्यूम लागेल तेवढाच, दर वेळी 10-15 सेकंद. कॉइल तापते, आणि 1000 हर्ट्झच्या पुढचा आवाज बंद खोलीत दिवसभर कोणालाच सोसवत नाही.

पानफुटी
जीवशास्त्र माझ्याकडून. पालकाची 10-12 पानं देठं काढून खलात कुटा, 50 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल घाला, पाच मिनिटांनी कॉफी फिल्टरमधून गाळा. गर्द हिरवा द्रव मिळतो. अंधारात त्यावर 395 नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च बाजूने मारा, द्रव रक्तासारखा लाल दिसतो.

जिवंत पानात हरितद्रव्याने शोषलेली ऊर्जा बहुतांश प्रकाशसंश्लेषणाच्या साखळीत पुढे जाते. अल्कोहोलने ती साखळी तुटलेली असते, त्यामुळे बरीच ऊर्जा 670-680 नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश होऊन बाहेर पडते. शेजारी ताजं पान ठेवून त्यावरही टॉर्च मारा, फरक लगेच कळतो. माझ्या मते तुमच्या सगळ्या दालनात जीवशास्त्राच्या इतक्या जवळ जाणारं दुसरं काही नसेल.

द्रव फार गर्द असला तर यूव्ही पहिल्या मिलिमीटरातच शोषला जातो आणि लाल रंग काचेलगत अडकतो. टॉर्चची वाट दिसेपर्यंत अल्कोहोल घालून पातळ करा. उजेडात काही तासांत तो तपकिरी पडतो, म्हणून त्याच सकाळी करा आणि बाटलीला फॉइल गुंडाळा. दुसऱ्या बाटलीत चिमूटभर हळद अल्कोहोलमध्ये, ती पिवळट हिरवी चमकते. टॉनिक वॉटर निळं चमकतं, पण त्यासाठी 365 चा टॉर्च बरा.

बाटल्यांची झाकणं घट्ट, टॉर्च टेबलाला पक्का बांधून खाली रोखलेला. मुलं तो एकमेकांच्या डोळ्यांवर मारतात, म्हणून सुटा देऊच नका.

सावलीकर
हवा दाखवा. मोबाइलचा फ्लॅश भिंतीपासून 4 मीटरवर ठेवा, भिंतीच्या अलीकडे 1 मीटरवर सोल्डरिंग आयर्न किंवा हेअर ड्रायर. भिंतीवर गरम हवेच्या लाटा नाचताना दिसतात. खर्च शून्य. परावर्तक असलेला मोठा टॉर्च घेऊ नका, प्रकाश बिंदूएवढ्या जागेतून आला तरच सावली धारदार पडते. पालकाचं अल्कोहोल खोलीत असताना मेणबत्ती मात्र नको.

तळहातावरून उठणारी ऊब अशा सावलीत दिसत नाही. त्यासाठी श्लीरेन मांडणी (आरसा आणि ब्लेड वापरून हवेतले सूक्ष्म फरक दाखवणारी) लागते, ती आउगुस्ट ट्योप्लरने 19व्या शतकात विकसित केली. जवळच्या आकाशनिरीक्षण मंडळाकडून दुर्बिणीचा 150 मिमी व्यासाचा, 1200 मिमी नाभीय अंतराचा आरसा मागून बघा. टेबलाच्या एका टोकाला आरसा, 2400 मिमीवर, म्हणजे वक्रता केंद्राशी, सुईच्या छिद्रामागे एलईडी. त्याच्या शेजारी काही सेंमीवर जी प्रतिमा पडते ती ब्लेडने निम्मी कापा, ब्लेडमागे मोबाइल कॅमेरा झूम करून. हवा तापली की तिचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो ते ठरवणारा आकडा) पाचव्या दशांश स्थळी बदलतो. तेवढ्यानेही किरण किंचित वळून ब्लेडवर आदळतो किंवा ब्लेड चुकवतो, आणि हाताभोवतीची हवा काळ्या-पांढऱ्यात उमटते.

ब्लेड आत सरकवताना सगळा आरसा एकसारखा मंद झाला तर जागा बरोबर. सावली ब्लेडच्याच दिशेने सरकली तर ब्लेड आरशाच्या जास्त जवळ आहे, उलट दिशेने सरकली तर जास्त लांब. हे जुळवायला तास-दीड तास धरा. मेकअपचा मोठं दाखवणारा आरसा वापरू नका, त्याच्या पृष्ठभागाच्या लाटा हवेपेक्षा ठळक दिसतात. आणि गर्दीच्या धक्क्याने मांडणी हलते, तेव्हा खात्रीचा आरसा मिळत नसेल तर सावलीवरच थांबा. ती कोणत्याही धक्क्यात चालते.

कोकणकडा
दाराबाहेर उन्हात एक तक्ता लावा. 60 सेंमी काळ्या पुठ्ठ्यावर स्प्रे गोंद मारून रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांत वापरतात ते बारीक काचमणी एकेरी थरात पसरा. सूर्य पाठीशी घेऊन, डोळा अर्ध्या मीटरवर आणून पाहिलं की डोक्याच्या सावलीभोवती रंगीत वर्तुळ दिसतं. पाण्याच्या थेंबांचं इंद्रधनुष्य 42 अंशांवर असतं, काचेचं जवळपास 22-23 अंशांवर, कारण काचेचा अपवर्तनांक 1.33 ऐवजी 1.5 च्या आसपास असतो.

सोबत हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरच्या इंद्रवज्राचा (धुक्यात आपल्या सावलीभोवती दिसणाऱ्या रंगीत वर्तुळाचा) फोटो लावा. कर्नल साइक्सने 1835 मध्ये त्याची नोंद केल्याचं सांगतात. ते मात्र वेगळं आहे: धुक्याचे अतिसूक्ष्म थेंब, वर्तुळ अवघ्या काही अंशांचं, आणि कारण साधं अपवर्तन नसून प्रकाशाचं तरंगरूप. दोन्ही एकच असं तक्त्यावर लिहू नका.

प्रयोगशाळा_सातारा
सगळ्यांचे आभार. ताणाचे रंग, रांगोळी, पालक आणि काचमणी पक्कं. हवेची सावलीसुद्धा. मॉनिटरच्या उजेडाने पालकाचा लाल रंग मारला जाईल का?

पानफुटी
जाईल. पालकाला पुठ्ठ्याचं खोकं करा, आतून काळा कागद, समोर डोळे लावण्यापुरती फट. मॉनिटरला तिन्ही बाजूंनी काळे पुठ्ठे उभे करा.

राळ_आणि_गज
आणि रांगोळीचं टेबल दाराशी, इतरांपासून लांब. वूफर वेगळ्या स्टुलावर ठेवा, पालकाच्या बाटल्यांच्या टेबलावर नको.